औषधांच्या चिठ्ठ्यांची खतावणी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित पाठ)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि आकडेशास्त्र यांचा संबंध काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु मी ज्या श्रोतृवर्गापुढे बोलत आहे, त्याला वहीचे महत्त्व पटवून देण्याची गरज नाही. पिढ्यान्‌पिढ्या व्यापार केलेल्या घरांत लहान मुलालाही ठाऊक असते की रोजमेळ वेगळा आणि खतावणी वेगळी. रोजमेळात त्या-त्या दिवशीचा व्यवहार उतरतो. प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे पाहिली तर बिनचूक दिसते. मात्र एखादे खाते वर्षानुवर्षे फुगत चालले आहे, हे रोजमेळ वाचून कळत नाही. ते कळते नोंदी खतवल्यावर, म्हणजे एका नावाच्या सर्व नोंदी एका पानावर आणून त्यांची बेरीज केल्यावर.

डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी ही अशीच रोजमेळातील एक नोंद असते. रुग्ण ती घेऊन दुकानात जातो, औषध मिळते आणि व्यवहार संपतो. एका चिठ्ठीवरून काहीच सिद्ध होत नाही. परंतु एका दवाखान्यातून निघालेल्या हजारो चिठ्ठ्या एकत्र खतवल्या आणि शेजारच्या दवाखान्यांशी त्यांची तुलना केली, तर काय दिसते? ही खतावणी करायची कोणी? आणि केलीच नाही, तर काय घडते? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडमधील एका लहान गावाने फार मोठी किंमत मोजून जगाला दिले आहे. तेथूनच आरंभ करतो.

मँचेस्टर शहराजवळ हाइड नावाचे गाव आहे. तेथे १९७७ सालापासून हॅरॉल्ड शिपमन नावाचे डॉक्टर व्यवसाय करीत होते. प्रथम इतर डॉक्टरांसमवेत आणि १९९२ पासून स्वतःच्या स्वतंत्र दवाखान्यात. गावात त्यांचा लौकिक मोठा. वृद्ध रुग्णांच्या घरी जाऊन विचारपूस करणारा, जुन्या वळणाचा, आपुलकीचा डॉक्टर अशी त्यांची ख्याती होती. या डॉक्टरने आपल्या रुग्णांना डायमॉर्फिनची टोचणी देऊन ठार मारले. डायमॉर्फिन म्हणजे हेरॉइनच. इंग्लंडमध्ये ते कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील असह्य वेदनांवर औषध म्हणून दिले जाते. ३१ जानेवारी २००० रोजी न्यायालयाने शिपमनला १५ खुनांबद्दल दोषी ठरविले. त्यानंतर न्यायमूर्ती डेम जॅनेट स्मिथ यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. तिच्या २००२ मधील पहिल्या अहवालाने १९७५ ते १९९८ या काळातील २१५ बळी निश्चित केले. त्यांत १७१ स्त्रिया आणि ४४ पुरुष होते. बहुतेक वृद्ध, आणि अनेक एकट्याने राहणाऱ्या स्त्रिया. डॉक्टर घरी आले म्हणून त्यांनी विश्वासाने दार उघडले होते.

तेवीस वर्षे हे कोणाच्याच लक्षात कसे आले नाही, हा प्रश्न कोणालाही पडेल. मला मात्र त्याहून अस्वस्थ करणारा प्रश्न वेगळा आहे. सारे काही लिहिलेले होते. मग ते वाचले का गेले नाही?

कोठे काय लिहिलेले होते ते पाहा. मृत्यूचे दाखले निबंधकाच्या कार्यालयात होते. दहनासाठी लागणारे, दुसऱ्या डॉक्टरच्या सहीचे अर्ज दहनगृहात होते. डायमॉर्फिनची विक्री औषध दुकानाच्या नोंदवहीत होती, कारण कायद्याने ती नोंद सक्तीचीच होती. आणि चिठ्ठ्या? इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेतील प्रत्येक चिठ्ठी दुकानदाराला पैसे मिळावेत म्हणून एका मध्यवर्ती कार्यालयाकडे जात असे. १९८८ पासून त्या कार्यालयाकडून डॉक्टरांना त्यांच्या चिठ्ठ्यांचे पृथक्करणही मिळू लागले होते. पण ते प्रामुख्याने खर्चाच्या दृष्टीने. कोणता डॉक्टर महागडी औषधे लिहितो हे त्यातून कळे. डायमॉर्फिन स्वस्त होते. पैशाच्या वहीत ते खाते कधी फुगलेच नाही. चार ठिकाणी चार रोजमेळ होते, चारही व्यवस्थित लिहिलेले; खतावणी मात्र एकही नव्हती.

याच डॉक्टरची पूर्वपीठिकाही लेखी होती. १९७५ साली, दुसऱ्या गावी असताना, त्याने पेथिडीन या अमली औषधाच्या खोट्या चिठ्ठ्या लिहून ते स्वतः टोचून घेतल्याचे उघड झाले होते. औषध दुकानांच्या नोंदवह्यांतील अवाजवी आकडे त्या वेळी नजरेस आले होते. १९७६ मध्ये त्याला दंड झाला. वैद्यक परिषदेने ताकीद देऊन प्रकरण मिटविले. म्हणजे ज्या वहीने एकदा चोर दाखविला, तीच वही पुढे वीस वर्षे मिटलेली राहिली.

तो डायमॉर्फिन मिळवी कसे? ज्यांना त्याची गरज नव्हती अशा रुग्णांच्या नावाने चिठ्ठ्या लिहून. खरोखर मरणासन्न असलेल्या रुग्णांच्या नावाने गरजेपेक्षा अधिक मागवून. आणि रुग्ण वारल्यावर घरात उरलेला साठा ‘नष्ट करतो’ असे सांगून स्वतःकडे ठेवून. १९९६ मध्ये एकाच प्रसंगी त्याने एका मरणासन्न रुग्णाच्या नावावर १२,००० मिलिग्रॅम डायमॉर्फिन घेतल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. एवढ्या साठ्याने शेकडो माणसे मरू शकतात. औषध शेजारच्याच दुकानातून येत असे. डॉक्टर प्रतिष्ठित, दुकान ओळखीचे, कागद बिनचूक. शंका कोण घेणार?

शंका अखेर घेतली ती एका शेजारच्या दवाखान्यातील डॉक्टर बाईंनी. दहनाच्या अर्जांवर दुसरी सही करण्यासाठी शिपमनचे अर्ज त्यांच्या दवाखान्याकडे येत. त्यांनी साधी तुलना केली. त्यांच्या दवाखान्याची रुग्णसंख्या शिपमनच्या सुमारे तिप्पट. तरीही त्या तीन महिन्यांत शिपमनचे रुग्ण अधिक संख्येने दगावले होते. मार्च १९९८ मध्ये त्यांनी ही गोष्ट मृत्युचौकशी अधिकाऱ्याच्या कानावर घातली. पोलिसांनी जुजबी तपास करून एप्रिलमध्ये तो बंद केला. त्यानंतर आणखी तीन स्त्रियांचा जीव गेला. त्यांतील शेवटची ८१ वर्षांची, गावाचे महापौरपद भूषविलेली. तिचे बनावट मृत्युपत्र तिच्या वकील मुलीच्या लक्षात आले, म्हणून सप्टेंबर १९९८ मध्ये शिपमनला अटक झाली. बंधु-भगिनींनो, येथे क्षणभर थांबून विचार करावा. खुनी पकडला गेला तो पैशाच्या कागदामुळे. २१५ मृत्यूंच्या कागदांनी तो पकडला गेला नाही.

मग खतावणी झाली, पण उशिरा. लेस्टर विद्यापीठाचे प्राध्यापक रिचर्ड बेकर यांनी शिपमनच्या १९७४ ते १९९८ या सर्व काळातील दाखल्यांचा अभ्यास करून २००१ मध्ये अहवाल दिला. तशाच परिस्थितीत काम करणाऱ्या इतर डॉक्टरांच्या तुलनेत घरी किंवा दवाखान्यात झालेले सुमारे २३६ मृत्यू अधिक होते. चौकशी आयोगाने साक्षीपुरावे तपासून काढलेला आकडा आणि केवळ बेरजांवरून आलेला हा आकडा एकमेकांच्या किती जवळ आहेत पाहा. आणखी एक गोष्ट दिसली. इतर डॉक्टरांचे रुग्ण दिवसाच्या आणि रात्रीच्या सर्व प्रहरी मरत. शिपमनच्या रुग्णांचे मृत्यू मात्र दुपारी दोनच्या सुमारास दाटलेले होते, म्हणजे डॉक्टर घरभेटीला निघतात त्या वेळी. यमाला असा ठरलेला वेळ नसतो.

पुढे २००३ मध्ये आकडेशास्त्रज्ञ डेव्हिड स्पीगलहॉल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न विचारला की वर्षागणिक बेरीज करीत गेलो असतो, तर धोक्याची घंटा केव्हा वाजली असती? कारखान्यात मालाचा दर्जा तपासण्यासाठी जी रीत वापरतात, तीच त्यांनी येथे लावली. अपेक्षित मृत्यू आणि प्रत्यक्ष मृत्यू यांतील फरक साठवत जायचा आणि तो ठरावीक रेषेपलीकडे गेला की चौकशी करायची. उत्तर आले, १९८० च्या दशकाच्या मध्यातच. अटकेच्या दहा वर्षांहूनही आधी. त्या दहा वर्षांत गेलेले जीव हा बेरीज न केल्याचा हिशेब आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू सांगणे माझे कर्तव्य आहे, अन्यथा आपण येथून डॉक्टरांविषयी संशय घेऊन जाल, आणि ते अन्यायाचे होईल. हीच पद्धत इतर डॉक्टरांच्या आकड्यांवर लावून पाहण्यात आली. त्या वेळची एक हकीकत स्पीगलहॉल्टर यांनीच सांगितली आहे. एका डॉक्टरचे मृत्यूंचे प्रमाण चक्क शिपमनपेक्षाही जास्त निघाले. तपास केला तेव्हा कळले की ते दक्षिण किनाऱ्यावरील अशा गावात होते, जेथे निवृत्त वृद्धांची निवासगृहे पुष्कळ. हे सद्‌गृहस्थ आपल्या वृद्ध रुग्णांना अखेरच्या दिवसांत रुग्णालयात न ढकलता, त्यांच्याच खोलीत, ओळखीच्या माणसांत शांतपणे जाता यावे म्हणून झटत होते. आकडा सारखाच, पण एक मारेकरी आणि दुसरा सेवाभावी. म्हणून आकडा हा प्रश्न असतो, निकाल नव्हे. जो आकड्यालाच निकाल मानतो, तो त्या भल्या डॉक्टरच्या नावाला काळिमा फासतो. आणि जो प्रश्नच विचारीत नाही, तो शिपमनला मोकळे रान देतो.

दुसरी सावधगिरी गणिताची. समजा, हजारात एखाद्याच्याच वाट्याला योगायोगाने येईल इतका टोकाचा आकडा आपण ‘संशयास्पद’ मानला. साडेसहा हजार दवाखाने तपासले, तर सर्व डॉक्टर निर्दोष असूनही सहा-सात जण केवळ योगायोगाने त्या जाळ्यात येतील. तेही एका औषधासाठी. शंभर औषधे तपासली तर ही संख्या शेकड्यांत जाईल. लहान दवाखान्याचे आकडे तर दोन-चार रुग्णांनीही वर-खाली होतात. म्हणून तुलना समान परिस्थितीतील दवाखान्यांशी करावी, रुग्णांचे वय आणि आजार ध्यानात घ्यावेत, एका महिन्यावर न विसंबता अनेक महिने पाहावेत आणि शेवटी माणसाने जाऊन विचारावे, असे शास्त्र सांगते.

या सर्व अनुभवातून इंग्लंडने बरेच शिकून घेतले. २००४ मध्ये चौकशीचा चौथा अहवाल केवळ अमली औषधांच्या नियंत्रणाविषयी होता. त्यानंतर २००६ च्या कायद्याने आरोग्यसंस्थांमध्ये या औषधांसाठी जबाबदार अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. मृत्यूच्या दाखल्यांची स्वतंत्र डॉक्टरकडून पडताळणी सर्वत्र सक्तीची व्हायला मात्र सप्टेंबर २०२४ उजाडले. चिठ्ठ्यांच्या बाबतीत याहून मोठे पाऊल पडले. प्रत्येक दवाखान्याने कोणते औषध किती लिहिले याचे मासिक आकडे, रुग्णाचे नाव कोठेही न येता, जनतेसाठी खुले करण्यात आले. २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या बेन गोल्डॅकर यांच्या चमूने या आकड्यांवरून ‘ओपनप्रिस्क्रायबिंग’ ही सोय उभी केली. तेथे कोणीही आपल्या दवाखान्याची इतरांशी तुलना करू शकतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे ६,५०० दवाखान्यांचे सहा महिन्यांचे आकडे घेऊन, एका वर्गातील औषधांपैकी कोणता दवाखाना एखादेच औषध विलक्षण प्रमाणात लिहितो, हे संगणकाकडून शोधण्यात आले. यात गुन्हेगार पकडण्याचा हेतू नव्हता. एखाद्या डॉक्टरला जुनी सवय असेल, नवे संशोधन त्याच्यापर्यंत पोहोचले नसेल, तर त्याला आरसा दाखवावा, एवढाच भाव होता. माझ्या मते खतावणीचा हा खरा, नित्याचा उपयोग आहे. शिपमन शतकात एखादा. जुन्या सवयी मात्र घरोघरी.

आकडे हाताशी असणे म्हणजे ते पाहिले जाणे नव्हे, याचा दाखला अमेरिकेनेही दिला आहे. वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील कर्मिट हे जेमतेम चारशे वस्तीचे खेडे. तेथील एका औषध दुकानाला दोन वर्षांत वेदनाशामक अफूजन्य औषधाच्या सुमारे ९० लाख गोळ्या पुरविल्या गेल्या. एरिक आयर या पत्रकाराने स्थानिक वृत्तपत्रात हे उघडकीस आणले आणि २०१७ मध्ये त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. अशा गोळ्यांच्या प्रत्येक खेपेची नोंद तेथील केंद्रीय यंत्रणेकडे नियमाने जात होती. चारशे माणसे आणि नव्वद लाख गोळ्या! येथे संगणकाचीही गरज नव्हती. किराणा दुकानात बसणाऱ्या मुलानेही भागाकार करून भुवया उंचावल्या असत्या. पण भागाकार करायला कोणी बसलेच नव्हते.

आता आपल्या घराकडे येतो. हा सारा परदेशातला विषय आहे, असे समजून आपण निश्चिंत राहू शकत नाही. मुंबईत १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, झोपडपट्टी भागात खाजगी व्यवसाय करणाऱ्या १०० डॉक्टरांना क्षयरोगावर कोणती औषधे द्याल, असे विचारले होते. शंभर डॉक्टरांनी ८० वेगवेगळ्या पद्धती लिहिल्या. जवळपास वीस वर्षांनी, २०१० मध्ये, डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तीच पाहणी पुन्हा केली. १०६ डॉक्टरांनी ६३ पद्धती लिहिल्या, आणि योग्य चिठ्ठी लिहू शकले ते केवळ ६ जण. चुकीची चिठ्ठी एका रुग्णापुरती राहत नाही. अर्धवट उपचाराने क्षयाचे जंतू औषधांना दाद देईनासे होतात आणि ते जंतू शेजारच्याला, लोकलमधील सहप्रवाशाला, घरातील नातवाला लागतात.

या पाहणीतून एक सूक्ष्म धडा मिळतो, आणि तो आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे असे मी मानतो. इंग्लंडप्रमाणे आपण येथे ‘सरासरीपासून वेगळा कोण’ एवढेच शोधले असते, तर ‘विचित्र’ कोण ठरले असते? ते सहा डॉक्टर! कारण शंभर जण चुकत होते आणि सहाच बरोबर होते. जेथे बहुसंख्य चुकतात, तेथे शहाणा माणूसच वेगळा दिसतो. म्हणून दवाखान्याची तुलना केवळ शेजाऱ्याशी करून भागत नाही. ती शास्त्राने ठरविलेल्या योग्य उपचाराशीही करावी लागते. वेगळे असणे आणि चुकीचे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आपल्याकडे आकडे अजिबात नाहीत असेही नाही. औषध विक्रीच्या आकड्यांवरून २०१६ मध्ये एका अभ्यासाने दाखविले की २०१४ साली भारतात खाजगी क्षेत्रात क्षयाच्या औषधांचे सुमारे १ कोटी ७८ लाख रुग्ण-महिने खपले. सरकारी उपचारांच्या जवळपास दुप्पट. म्हणजे जे रुग्ण कोणत्याही सरकारी यादीत नव्हते, ते दुकानांच्या विक्रीत उभे होते. मार्च २०१४ पासून आपल्या देशात औषधांची ‘अनुसूची एच-१’ लागू आहे. तीव्र प्रतिजैविके, क्षयाची औषधे, सवय लावणारी काही औषधे मिळून ४६ औषधांचा तीत समावेश करण्यात आला. ही औषधे विकताना दुकानदाराने डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपून ठेवायची, असा नियम आहे. औषधांच्या व्यवसायात असलेल्या आपल्या बांधवांना तो तोंडपाठ असेल. रोजमेळ आहे. प्रश्न पुन्हा खतावणीचाच आहे.

तेव्हा आपण काय करावे? मोठ्या यंत्रणा सरकारने उभाराव्यात. परंतु काही गोष्टी आपल्या हातातील आहेत. ज्यांचे औषध दुकान आहे त्यांनी ती वही निरीक्षक येईल म्हणून न लिहिता महिन्यातून एकदा स्वतः खतवून पाहावी. एखाद्याच नावाखाली झोपेच्या गोळ्या वाढत असतील, तर डॉक्टरांना आदराने, परंतु न संकोचता विचारावे. ज्या संस्था धर्मादाय दवाखाने चालवितात त्यांनी वर्षअखेरीस जमाखर्चाबरोबर आणखी एक तक्ता करावा: तपासलेल्या दर शंभर रुग्णांमागे प्रतिजैविके किती जणांना दिली. तो तक्ता डॉक्टरांपुढे ठेवावा तो दोषारोप म्हणून नव्हे, तर चर्चेचा विषय म्हणून. आणि घरोघरी, विशेषतः जेथे वडीलधारी मंडळी एकटी राहतात तेथे, प्रत्येक चिठ्ठी एका वहीत लावून ठेवावी. तीन डॉक्टरांनी तीन नावांनी एकच औषध लिहिले आहे, हे अशा वहीवरूनच कळते.

कोणी म्हणेल, यात डॉक्टरांवर अविश्वास नाही का? आपल्या पेढीचे हिशेब आपण दरवर्षी तपासून घेतो. म्हणजे आपला मुनीमजींवर विश्वास नसतो का? उलट, तपासलेल्या हिशेबामुळेच प्रामाणिक मुनीमजी ताठ मानेने बसतात. हाइड गावातील त्या स्त्रियांनी विश्वास ठेवला, यात त्यांचा काही दोष नव्हता. विश्वास ठेवणे हा रुग्णाचा अधिकार आहे. तो विश्वास सत्पात्री पडतो आहे की नाही हे पाहणे हे मात्र रुग्णाचे काम नव्हे. ते समाजाचे आणि व्यवस्थेचे काम आहे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेने आपल्या डॉक्टरचे आकडे तपासावेत, अशी अपेक्षा कोणी करू नये. तिच्यासाठी ते कोणीतरी आधीच तपासलेले असावेत.